चतुराचा नर आणि मादी : तलावकाठच्या निरीक्षकांसाठी काही खुणा

धानाची रोवणी आटोपते, बांध्यांत पाणी स्थिरावते आणि पावसाने थोडी उघडीप दिली, की भंडारा जिल्ह्यातील तलावांच्या पाळींवर, शेतांच्या धुऱ्यांवर आणि पाटांच्या कडेने चतुर उडताना दिसू लागतात. लाल, पिवळे, निळसर, काळ्या-पांढऱ्या पंखांचे असे नाना प्रकारचे हे कीटक ग्रामीण भागातील मुलामुलींच्या चांगल्या परिचयाचे आहेत. त्यांच्या शेपटीला दोरा बांधण्याचा खेळही अनेकांनी बालपणी पाहिला असेल. तथापि ज्याला आपण ‘लाल चतुर’ म्हणतो आणि ज्याला ‘पिवळा चतुर’ म्हणतो, ते पुष्कळदा एकाच जातीचे नर आणि मादी असतात, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

वरवर पाहता ही बाब केवळ कुतूहलाची वाटेल. परंतु आज तिला व्यावहारिक महत्त्व प्राप्त झाले आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समितीचे प्रमुख काम आहे. या नोंदवहीसाठी माहिती गोळा करताना शिक्षक, विद्यार्थी आणि पंचायतीचे सदस्य यांचे साहाय्य घेतले जाते. अशा वेळी लाल नर, पिवळी मादी आणि अजून रंग न भरलेला तरुण नर यांची नोंद तीन निरनिराळ्या जाती म्हणून झाली, तर गावाची नैसर्गिक संपत्ती कागदावर तिप्पट होते. उलटपक्षी, मादीची नोंदच झाली नाही, तर ज्या जागी ती अंडी घालते त्या जागेचे मोलही नोंदले जात नाही. म्हणून नर-मादी ओळखण्याच्या खुणा थोडक्यात समजून घेणे उपयुक्त ठरेल.

तलावांचा जिल्हा

चतुराचे जीवन पाण्याशी बांधलेले आहे आणि भंडारा हा तर तलावांचाच जिल्हा होय. गोंड राजवटीच्या काळापासून येथील कोहळी समाजाने गावोगावी तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यानंतर ते शासनाकडे गेले व ‘माजी मालगुजारी’ या शब्दांवरून ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर नवेगावबांधसारखे काही प्रसिद्ध जलाशय त्या जिल्ह्यात गेले. तरीही साकोली तालुक्यातील शिवनीबांधसारखे मोठे तलाव, असंख्य लहान बोड्या, वैनगंगेचे पात्र आणि पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या यांमुळे भंडारा जिल्ह्यात चतुरांना अनुकूल अशी परिस्थिती मुबलक आहे.

विदर्भात या कीटकांच्या अभ्यासाची परंपराही आहे. ब्रिटिश अमदानीत लेफ्टनंट कर्नल एफ. सी. फ्रेझर या शल्यवैद्याने १९३३ ते १९३६ या काळात भारतातील चतुरांवर तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो आजही आधारभूत मानला जातो. अलीकडच्या काळात नागपूर येथील प्राध्यापकांनी मध्य भारतातील जातींचा कसून अभ्यास केला असून, २००८ साली तेथील हिस्लॉप महाविद्यालयात चतुरांच्या अभ्यासकांचा आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला होता.

चतुर आणि टाचणी

नर-मादीचा विचार करण्यापूर्वी हा कीटक नेमका कोणता हे पाहावे. या वर्गात दोन मोठे गट आहेत. चतुर हा दणकट बांध्याचा असून बसताना आपले पंख दोन्ही बाजूंस आडवे पसरून ठेवतो. त्याचे मोठे डोळे बहुतेक जातींत एकमेकांस चिकटलेले असतात. टाचणी ही नाजूक आणि सडपातळ असून तिचे डोळे एकमेकांपासून दूर असतात व बसल्यावर ती बहुधा पंख पाठीवर मिटून घेते.

दोघांच्याही शरीराचे डोके, वक्ष आणि उदर असे तीन भाग पडतात. ज्यास आपण ‘शेपटी’ म्हणतो ते वस्तुतः उदर होय. ते दहा खंडांचे असते. नर-मादीची खात्रीची ओळख याच भागात दडलेली आहे. ती कशी, ते पुढे पाहू. प्रत्येक पंखाच्या टोकाजवळ पुढील कडेला एक लहानसा रंगीत ठिपका असतो. त्याचा रंगही काही जातींत नरमादीगणिक बदलतो.

चतुराची पिल्ले, म्हणजे डिंभ, पाण्यात वाढतात. खालचा ओठ एकदम पुढे फेकून ती डासांच्या अळ्या व इतर जलकीटक पकडतात. पूर्ण वाढ झाली की डिंभ गवताच्या किंवा लव्हाळ्याच्या काडीवर चढतो, कात टाकतो आणि त्यातून पंखधारी चतुर बाहेर पडतो. पाण्यातही भक्षक आणि हवेतही भक्षक असा हा शेतकऱ्याचा दुहेरी मित्र आहे.

रंगांवरून होणारी ओळख

आपल्या भागात सहज आढळणाऱ्या काही जातींत नर आणि मादी यांचे रंग इतके भिन्न असतात, की थोड्या सरावाने दुरूनही फरक कळतो.

तलावाच्या काठी गवताच्या शेंड्यावर बसणारा रक्तासारखा लालभडक चतुर म्हणजे ‘क्रोकोथेमिस सर्व्हिलिया’ या जातीचा प्रौढ नर. त्याचा चेहरा, डोळे, पाय आणि उदर सर्वच लाल असून उदराच्या पाठीवर मधोमध एक बारीक काळसर रेघ असते. याच जातीची मादी पिवळसर ते तपकिरी असते. तिच्याही उदरावर तशीच मधली काळसर रेघ असल्याने दोघांचे नाते ध्यानात येते.

गावालगतच्या डबक्यांवर आणि सांडपाण्याच्या नाल्यांवरही दिसणारी ‘ब्रॅकिथेमिस कंटॅमिनॅटा’ ही आकाराने लहान जात. नराचे उदर तांबूस-नारिंगी असून चारही पंखांवर नारिंगी रंगाचा मोठा पट्टा असतो. मादी फिकट, मातकट रंगाची असते व तिचे पंख जवळजवळ रंगहीन असतात. पंखांच्या टोकाजवळील ठिपका नरात तांबडा, तर मादीत पिवळसर दिसतो.

धानाच्या बांध्यांत हमखास भेटणारी जात म्हणजे ‘न्यूरोथेमिस टुलिया’. नराच्या पंखांचा बुडाकडील अर्धा भाग काळा, त्यापुढे पांढरा पट्टा आणि टोक पारदर्शक असते. काळ्या उदराच्या पाठीवर फिकट रेघ असते. मादी पिवळसर-तपकिरी असून तिच्या पंखांचे बूड पिवळट व टोके गडद तपकिरी असतात. म्हणजे नराच्या पंखांचे टोक स्वच्छ, तर मादीच्या पंखांचे टोक काळसर, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. १७७३ साली ड्रुरी या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने या जातीस नाव दिले.

फुलपाखरासारखे संथ उडणारी, काळ्या-पिवळ्या चित्रविचित्र पंखांची ‘रायोथेमिस व्हेरिगाटा’ ही जात पुष्कळांना चतुर वाटतच नाही. नराचे पंख टोकापर्यंत पिवळसर असून त्यांवर काळसर ठिपके असतात. मादीच्या पुढील पंखांचा टोकाकडील भाग मात्र पारदर्शक असतो आणि बुडाकडील काळ्या खुणा अधिक ठसठशीत असतात. येथे टुलियाच्या नेमके उलट घडते. पारदर्शक टोक मादीचे असते. म्हणून एका जातीची खूण दुसऱ्या जातीस लावून चालत नाही.

टाचण्यांपैकी ‘सेरियाग्रिऑन कोरोमँडेलियानम’ ही पाणवनस्पतींवर सर्वत्र आढळते. नराचे उदर लिंबासारखे पिवळेधमक व वक्ष हिरवट असते. मादीचे उदर मळकट तपकिरी-हिरवट दिसते.

रंग जेव्हा फसवतात

एवढ्या माहितीवर निरीक्षणास आरंभ करता येतो. परंतु केवळ रंगावर विसंबून राहणाऱ्याची चार ठिकाणी फसगत होते.

पहिली फसगत वयामुळे होते. कात टाकून नुकताच बाहेर पडलेला क्रोकोथेमिसचा नर लाल नसतो. तो मादीप्रमाणेच पिवळा असतो आणि प्रौढ होता होता लाल होतो. जपानमधील संशोधकांनी २०१२ साली याच जातीवर व तिच्या जातभाईंवर प्रयोग करून या बदलाचे कारण दाखवून दिले. कातडीतील रंगद्रव्य तेच राहते, मात्र त्याची रासायनिक स्थिती बदलते. क जीवनसत्त्वासारखे द्रव्य टोचले असता पिवळे चतुरही लाल होतात, असे त्यांना आढळले. म्हणजे पिवळा चतुर दिसला की ती मादीच, असे म्हणता येत नाही.

‘डिप्लॅकोडिस ट्रिव्हिॲलिस’ या जमिनीवर बसणाऱ्या लहान चतुराचेही असेच आहे. मादी आणि तरुण नर दोघेही हिरवट-पिवळे असून अंगावर काळ्या खुणा असतात. नराचे वय वाढेल तसा त्याच्या अंगावर मेणासारखा निळसर थर चढतो आणि अखेरीस तो संपूर्ण निळा दिसू लागतो. अर्धवट निळा झालेला नर पाहिला, तर ही निराळीच जात आहे असा समज होणे साहजिक आहे.

दुसरी फसगत मादीच्या दोन रूपांमुळे होते. ‘इश्नुरा सेनेगॅलेन्सिस’ या टाचणीच्या नराच्या उदराच्या टोकाजवळ निळी खूण असते. तिच्या काही माद्या लहानपणी नारिंगी व पुढे मातकट होतात, तर काही माद्या हुबेहूब नरासारख्या दिसतात. नराचे रूप घेतल्याने मादीस नरांच्या सततच्या पाठलागापासून थोडी सुटका मिळत असावी, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

तिसरी फसगत ज्या जातींत नर-मादीत रंगभेदच नाही, तेथे होते. हिरवट-पिवळा आणि काळ्या पट्ट्यांचा, इतर चतुरांनाही पकडून खाणारा ‘ऑर्थेट्रम सॅबिना’ आणि भिंतींवर, खडकांवर बसला असता दगडासारखाच दिसणारा करडा ‘ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा’ ही याची उदाहरणे होत. पावसाबरोबर थव्यांनी येणाऱ्या ‘पँटाला फ्लॅव्हेसेन्स’ या प्रवासी चतुरातही नराच्या उदरावर थोडी अधिक तांबूस झाक असते, एवढाच काय तो फरक.

चौथी फसगत प्रकाशाची. कलत्या उन्हात पिवळा चतुर तांबूस भासतो, तर ढगाळ हवेत लाल चतुर तपकिरी दिसतो. म्हणून स्वच्छ उन्हात, सूर्य पाठीशी ठेवून निरीक्षण करणे श्रेयस्कर.

खात्रीची खूण

रंगाने निर्णय होत नसेल, तर शरीराच्या घडणीकडे वळावे. ही खूण वयाने बदलत नाही आणि प्रकाशानेही फसवत नाही.

चतुराच्या नराची जननव्यवस्था प्राणिसृष्टीत आगळी आहे. त्याचे शुक्र उदराच्या नवव्या खंडाजवळून बाहेर येते. परंतु मीलनाचे अवयव असतात ते दुसऱ्या खंडाच्या खालच्या बाजूस, म्हणजे वक्षाला लागूनच. मीलनापूर्वी नर आपले उदर वाकवून शुक्र तेथे आणून ठेवतो. यामुळे नराच्या उदराच्या बुडाखाली, बाजूने पाहिले असता, एक लहानसा उंचवटा स्पष्ट दिसतो. मादीत ही जागा सपाट असते.

दुसरी खूण उदराच्या टोकाची. चतुराच्या नरास तेथे मादीला पकडण्यासाठी तीन अंगे असतात. वर दोन व खाली एक. टाचणीच्या नरास अशी चार अंगे असतात. मादीस टोकाशी दोनच लहान टोके असतात. मात्र तिच्या आठव्या-नवव्या खंडाखाली अंडी घालण्याच्या सोयीची रचना असते. टाचण्यांत ती फुगीर व टोकदार असल्याने बाजूने चटकन दिसते. शिवाय अंडी भरलेल्या मादीचे उदर साधारणतः नरापेक्षा जाडसर असते.

या खुणा पाहण्यासाठी चतुर पकडण्याची गरज नाही. बसलेल्या चतुराचे बाजूने एक आणि वरून एक असे दोन फोटो मोबाइलवर काढले आणि ते मोठे करून पाहिले, तर उंचवटा व टोकाची अंगे बहुधा दिसतात. तेवढ्यानेही निर्णय झाला नाही, तर ‘लिंग अनिश्चित’ असे लिहिण्यात कमीपणा मानू नये. खोट्या निश्चितीपेक्षा प्रामाणिक अनिश्चिती नोंदवहीस अधिक उपकारक असते.

वागणुकीवरून अनुमान

चतुर काय करीत आहे यावरूनही बरेच कळते. पाण्याच्या काठी एकच काडी धरून बसणारा, दुसरा चतुर जवळ येताच त्याच्यावर झेप घेणारा आणि पुन्हा त्याच काडीवर परतणारा बहुधा नर असतो. तो आपल्या हद्दीची राखण करीत असतो. मादी मात्र अंडी घालण्यापुरतीच पाण्यावर येते. एरवी ती पाण्यापासून दूर गवतात, धुऱ्यांवरील झुडपांत, पिकांत शिकार करीत असते.

जोडी एकत्र उडत असेल, तर पुढचा नर व मागची मादी हे निश्चित समजावे. चतुराचा नर मादीला डोक्याच्या मागील बाजूस, तर टाचणीचा नर मानेजवळ धरतो. मीलनानंतरही काही जातींचे नर मादीस सोडत नाहीत. काही तिच्या वर घिरट्या घालीत पहारा देतात. अमेरिकी शास्त्रज्ञ जोनाथन वाग यांनी १९७९ साली एका टाचणीवरील अभ्यासातून या पहाऱ्याचे मर्म उलगडले. मागाहून आलेला नर आधीच्या नराचे शुक्र मादीच्या शरीरातून काढून टाकू शकतो. आपली संतती टिकावी यासाठीच नर मादीची पाठ सोडत नाही.

पाण्याच्या पृष्ठभागावर उदराचे टोक पुनःपुन्हा टेकवणारा चतुर म्हणजे अंडी घालणारी मादी. टाचणीची मादी पाणवनस्पतींच्या देठांत छिद्र पाडून त्यात अंडी ठेवते. कोरोमँडेलियानम जातीत तर मादी अंडी घालीत असताना नर तिच्या मानेला धरून सरळ उभा राहिलेला दिसतो.

केवळ पाळीवरून मोजणी का चुकते

समजा, एखाद्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी तलावाच्या पाळीवरून फेरी मारली आणि त्यांना वीस लाल व दोन पिवळे चतुर दिसले. यावरून माद्या कमी झाल्या, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. पाण्यावर नरांची गर्दी असते व माद्या शेतांत विखुरलेल्या असतात, म्हणून हे प्रमाण असे दिसते. डिंभातून बाहेर पडताना नर आणि मादी साधारणतः सारख्याच संख्येने निघतात.

यासाठी मोजणी दोन ठिकाणी करावी : एक तलावाच्या काठाने आणि दुसरी पाण्यापासून शे-दोनशे पावलांवर, धुऱ्यांच्या कडेने. त्यासोबतच लव्हाळ्याच्या काड्यांना चिकटलेल्या रिकाम्या काती शोधाव्यात. उडता चतुर दुसऱ्या तलावावरूनही आलेला असू शकतो. पँटाला तर समुद्र ओलांडून जाणारा प्रवासी आहे. परंतु कात सापडली, की तो चतुर याच पाण्यात जन्मला आणि वाढला याचा पुरावा मिळतो.

मादीला हवी असलेली जागा

नर-मादी ओळखण्याचा खरा उपयोग येथे आहे. लाल नर कोठे बसला आहे यावरून तलावाची स्थिती फारशी कळत नाही. सांडपाण्याच्या नाल्यावरही नर बसतो. मादी अंडी कोठे घालते, हे पाहिले तर तलावाचा कोणता भाग जिवंत आहे ते समजते. टाचण्यांच्या माद्यांना पाण्यातील कोवळे देठ आणि तरंगती पाने लागतात. डिंभांना लपण्यासाठी उथळ काठावरील पाणवनस्पती लागतात आणि बाहेर पडण्यासाठी पाण्यावर डोकावणाऱ्या काड्या लागतात. यांतील एक दुवा तुटला, तरी त्या तलावातील पिढी खुंटते.

आपल्या अनेक तलावांच्या उथळ भागांत गाळ साचला आहे व बेशरमाच्या झुडपांनी जागा व्यापली आहे. ही झुडपे काढणे आवश्यक आहे. परंतु त्यासोबत कमळ, कुमुद, हायड्रिला यांसारख्या स्थानिक पाणवनस्पतीही सरसकट उपटून तलाव ‘स्वच्छ’ केला, तर मासे, पाणपक्षी आणि चतुर या सर्वांचाच आसरा जातो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या मच्छीमारांना सोबत घेऊन या परिसरातील तलावांतून बेशरम काढण्याचे व स्थानिक वनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. पाण्यातील कोणती वनस्पती कोठे उगवते व कोणत्या माशास ती हवी, हे ज्ञान ढिवर बांधवांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. नोंदवही करताना ते आवर्जून विचारून घ्यावे.

धानाच्या बांध्यांबाबतही हीच दक्षता हवी. जपानमधील भातखाचरांत काही कीटकनाशकांमुळे चतुरांच्या डिंभांची संख्या घटल्याचे तेथील अभ्यासांत आढळून आले आहे. किडीचा प्रादुर्भाव नसताना केलेली फवारणी शेतकऱ्याच्या खर्चात भर घालते आणि त्याच्या या विनावेतन साहाय्यकालाही मारते.

नोंद कशी ठेवावी

ऑगस्ट ते नोव्हेंबर हे महिने निरीक्षणास उत्तम. सकाळी दहा ते बारा या वेळात, स्वच्छ उन्हात एक तासाची फेरी पुरेशी होते. प्रत्येक नोंदीत दिनांक, तलावाचे किंवा शेताचे नाव, पाण्यापासूनचे अंतर, अंगाचा व पंखांचा रंग, दुसऱ्या खंडाखालील उंचवटा आहे की नाही, आणि चतुर काय करीत होता, एवढ्या बाबी लिहाव्यात. जातीचे नाव ठाऊक नसले तरी वर्णन आणि फोटो जपून ठेवावेत. नाव जाणकारांकडून नंतरही मिळवता येते. पाण्याजवळ जाताना विद्यार्थ्यांसोबत शिक्षक असावेत आणि चतुराला दोरा बांधण्याऐवजी त्याच्याकडे पाहण्याची सवय मुलांना लावावी.

दरवर्षी त्याच तलावावर, त्याच महिन्यांत अशी नोंद होत गेली, तर काही वर्षांत तलावाच्या प्रकृतीचा एक विश्वासार्ह आलेख ग्रामपंचायतीच्या हाती येईल. गाळ काढल्यावर माद्या पुन्हा अंडी घालू लागल्या का, बेशरम हटवल्यावर लव्हाळ्यावर काती दिसू लागल्या का, या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतील आणि पुढील कामाचा निर्णय अनुभवाच्या आधारे घेता येईल. कोहळ्यांनी बांधलेले हे तलाव आजवर टिकले ते गावकऱ्यांनी त्यांच्यावर लक्ष ठेवले म्हणून. लाल चतुरासोबत त्याच्या पिवळ्या जोडीदारिणीचीही नोंद घेणे हा त्याच देखरेखीचा एक भाग होय.